उजव्या हाताला एक जागा

मुक्काम भुसावळ
भाद्रपद वद्य पंचमी, शके १८१०

मेव्हणे काळुराम यांस धाकूचा रामराम.

तुम्हां सगळ्यांची खुशाली मी विचारली असं समज, आणि मी मजेत आहे असंही समज. हे पत्र ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत असशील तर आधी आत जा. सखुबाई आत्या आत असेल तर खाडीवर जा.

कार्तिकात मला रजा मिळते आहे. इंजिनाची राख ओढून ओढून माझा रंग तुझ्यावर गेला, ते बघून साहेबाला दया आली असावी. पण काळू, या वेळी शिमग्यासारखं झालं तर मी तसाच परत फिरेन, सांगून ठेवतो.

शिमग्याला मी आलेलो ते काही कोलशेतच्या लोकांची करमणूक करायला नाही. माझ्या बायकोला, म्हणजे तुझ्या बहिणीला, मला एकच गोष्ट विचारायची होती, की माझ्यासंगं भुसावळला येऊन राहशील का. बस. माझी आई गेल्यापासून ती तुमच्याकडं आहे, आणि तुमच्या घरात भिंतीपेक्षा कान जास्त. नवऱ्यानं बायकोशी दोन शब्द बोलायचे तर ठाण्यात हातभर जागा मिळू नये?

मासुंद्याच्या तलावावर सांजचा एक गोरा साहेब मडमेच्या हातात हात घालून फिरतो, तू पाहिलायस. म्हटलं आपणही जावं. तिला कोपिनेश्वराच्या दर्शनाला म्हणून काढली. आता आपल्याकडं दादला पुढं आणि बायको मागं, हे तुला सांगायला नको. मी जरा हळू चाललो तर ती पण हळू. मी थांबलो की ती थांबे. अख्ख्या तलावाला फेरी झाली, पण आमच्यातलं अंतर काही कमी झालं नाही. साहेबाला कसं जमतं कुणास ठाऊक.

मग होडी. खाडीत दोघंच जाऊ म्हणून मी तुझ्याकडं होडी मागितली. निघताना बघतो तर सखुबाई, तिची नातवंडं, कळव्याला पोचवायच्या दोन कोंबड्या, आणि वल्ह्यावर तू. वल्हं पाण्यात आणि कान आमच्यात. वर म्हणतोस, "भाऊजी, गप का? बोला ना."

आणि ती आगगाडी. तिचं नाव काढू नये असं ठरवलं होतं, पण गावानं तिचं गाणं केलंय असं ऐकतो, तर खरं काय झालं ते तू तरी ऐक. मानपाड्याला हळदीला जायचं म्हणून आम्ही ठाण्याला गाडीत बसलो, उतरायचं नव्या डोंबिवली ठेसनात. खिडकीशी मी, माझ्या शेजारी तुझी बहीण, पलीकडं सखुबाई. डब्यात दिवा नाही. मी मनात म्हटलं, मुंब्र्याच्या बोगद्यात काळोख होईल, तिथं कोण बघतंय. पहिल्या बोगद्यात धीर झाला नाही. दुसऱ्याच्या आधी कोळशाचा कण डोळ्यात गेला म्हणून मी डोळा चोळत बसलो. तेवढ्यात सखुबाईला वारा हवा झाला आणि दोघींनी जागा बदलल्या, हे मला काय ठाऊक? काळोख झाला. मी कानाशी वाकलो आणि विचारलं.

उजेड आला तेव्हा माझं तोंड सखुबाईच्या कानात होतं.

"जल्ला मेला! मना या वयात भुसावलला नेऊन काय करशील रं?"

सगळा डबा हसला. तिकीट बघणारा पण हसला. तुझी बहीण पदर तोंडात कोंबून हसत होती. ती हो म्हणून हसली की नाही म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी माझी रजा संपली.

तेव्हा आता तूच काहीतरी काढ. घोड्याची गाडी करून घोडबंदरच्या रस्त्यानं जावं तर गाडीवानाला कान असतात. येऊरच्या डोंगरावर जावं म्हणतो. तिथं वाघ आहे म्हणतात, पण वाघ मध्ये बोलणार तरी नाही.

खोली चांगली आहे. भिंती पक्क्या, वर कौलं. संध्याकाळी मी येतो, कुलूप काढतो आणि "आलो रे" म्हणतो. कुणाला म्हणतो ते विचारू नकोस. आणि ती नाही म्हणाली तर, ते राहू दे.

तिला विचार, तिला कुठं जायला आवडेल. सहज विचारल्यासारखं विचार. तुला सहज काही जमत नाही, तरी पण.

तुझा वैतागलेला भाऊजी
धाकू


मुक्काम भुसावळ
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

काळूस रामराम. मी पोचलो. पाय सोडून बाकी सगळा ठीक आहे.

तुझं उत्तर आलेलं तेव्हा मी ते चुलीत घालणार होतो. मी डोंगर म्हणतोय, घोड्याची गाडी म्हणतोय, आणि तुझी बहीण काय निरोप पाठवते? मिठागराचा तळ तुडवून घट्ट करायच्या ओळीत माणूस कमी आहे, तिच्या उजव्या हाताला जागा मोकळी आहे. अरे, मिठाच्या त्या चिखलाला कंटाळूनच तर मी गाव सोडलं ना? पुन्हा आगरात पाय टाकणार नाही, असं तुझ्यादेखत बोललो होतो. दोन दिवस मी तुला, तिला आणि समुद्राला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी वाटलं, उजव्या हाताला म्हणजे शेजारी की रे.

कार्तिकात मी आगरात उतरलो त्या दिवशी तू ओळीच्या दुसऱ्या टोकाला मान लांब करून बघत होतास, पण तुला ऐकू काही आलं नाही. म्हणून सांगतो, नाहीतर जीव जायचा तुझा.

मी रेल्वेचे बूट बांधावर ठेवले आणि तिच्या बाजूला उभा राहिलो. ओळीत हात धरावाच लागतो, नाहीतर माणूस घसरतो. तिनं धरला. कुणी वळून बघितलं नाही. सखुबाई एवढ्या मोठ्यानं गात होती की माझं मलाच ऐकू येईना. मी विचारलं.

"पाय आपटा आधी," ती म्हणाली, "तळ कच्चा राहील."

आपटला.

"आता इचारा. त्या दिशी कालोखात का इचारलात? मी काय चोरीचा माल हाय?"

भर उन्हात पुन्हा विचारलं. तर उलट तीच विचारायला लागली, चूल कुठल्या तोंडाला? म्हटलं, उगवतीला. पाणी? म्हटलं, चाळीत विहीर आहे. "भांडाला कोन हाय तथं?" मी म्हटलं, भांडायला कुणी नाही, मीच एकटा.

"मंग बरा हाय."

आम्ही त्या टोकापासून या टोकापर्यंत तुडवत आलो. मग म्हणाली, "राशी शाकारून झाल्या का येईन. आधी नाय, माझ्या हातचा मीठ मी पावसात सोडाची नाय. आनि एक. तथं माझ्या पुढं चालाचा नाय. त्या तलावावर तुमची पाठच बगितली नुसती. तुमी गेलात, नि मना तुमचा तोंड आठवं ना."

काळू, मी पाय आपटत राहिलो.

तेव्हा ज्येष्ठात मिठाच्या राशींवर गवताचं छप्पर चढलं की तू तिला कल्याणला आणून भुसावळच्या गाडीत बसवून दे. खिडकीशी बसव. आणि सखुबाईला म्हणावं, तिचंही आमंत्रण मोडलेलं नाही, पण घाई करू नये.

माझ्या टाचा फुटल्यात, मिठानं आग होते, बूट चढत नाहीत. तरी कामावरून सुटलो की रोज रुळांच्या कडेच्या रस्त्यानं अनवाणी एक फेरी मारतो. झपझप चालायची सवय मोडायला वेळ लागेल. चाळीतले हसतात, की हा रस्त्याच्या मधून का चालत नाही, असा एका कडेनं का चालतो?

उजव्या हाताला एका माणसाची जागा सोडून चालतो.

सगुणाचा दादला
धाकू