वसंताची बदली

मंगळ., ९ फेब्रु.
धाकट्या वसंताच्या कबरीचा क्रूस झाला एकदाचा. खर्च: सागवान कारखान्यातलं, पॉलिश आपलंच, तीन रविवार, अन् सुमनशी एक कडाक्याचं भांडण. माणसाहून उंच झालाय. ती म्हणाली, "लाकूड उंच केल्याने भावजी वर जाणारेत का?" जेवलो नाही.

गुरु., ११ फेब्रु.
झोप नाही. दवाखान्यात धाकटा हात धरून म्हणाला होता, "दादा, येशूला हाक तर मारली. पण केलं काहीच नाही रे. घेतील का मला?" अख्खी उमर मिलच्या गेटवर, बदलीत. कोणी पक्का कामगार गैरहाजर असला तर त्याच्या लूमवर, म्हणजे मागावर, हा, नाहीतर परत घरी. मग मिलच बंद, अन् दारू. मी त्याच मिलमधून निघून फर्निचरचा कारखाना टाकला. आज पलासियाच्या बड्या वस्तीत नवं ऑफिस उघडलं की काउंटर माझ्या हातचा. फोकटात काही मिळतं हे मला ठाऊकच नाही. "घेतील" एवढंसुद्धा तोंडातून...

रवि., १४ फेब्रु.
चर्चचा माईक बिघडलेला. लोकांची कुरकुर. आपल्याला काय फिकीर! लूमखात्याच्या कल्लोळात कुठल्या मागाचा धोटा अडकला ते मी नुसत्या कानाने सांगायचो. पाद्रीजींचं वाक्य मागच्या बाकावर साफ ऐकलं: "यीशु हमारी बदली में खड़ा हुआ."
बदली!
म्हणजे आपण गैरहाजर, अन् आपल्या लूमवर तो. फक्त मिलमध्ये बदलीवाल्याची हजेरी बदलीवाल्याला. इथे काम त्याचं, हजेरी आपली. वसंताची लागली. माझीपण, काउंटर न बघता.
घरी दोनदा वाढून घेतलं. सुमन बघतच राहिली.

सोम., १५ फेब्रु.
क्रूस कापून शेजारच्या क्रुसांएवढा केला. उरलेल्या सागवानाचा पाट. सुमन त्यावर बसून हसली.

रवि., २१ फेब्रु.
पाद्रीजींना गाठलं. "बदलीवाली बात एकदम मिलची केलीत!"
"बदली? मैंने तो 'हमारे बदले' कहा था, दादा. ये बदली क्या होती है?"
चर्चच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. गेट, गैरहाजर, वसंता. पाद्रीजींनी वही काढून लिहून घेतलं. मग, "अगले इतवार मैं यही बोल दूँ?"
हो म्हणालो. बायबलात बसतं का, ते त्यांनी बघावं.

मंगळ., २३ फेब्रु.
'बदले'चं 'बदली' ऐकल्याचं कळताच सुमनने बळेच पलासियात कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डावा कान जवळजवळ गेलाय. आजचा नाही म्हणाले, लूमखात्यातच गेला.