पळायचं जाकीट

१४ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू शिलाईचं मशीन थांबवत नाहीस आणि मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून पत्र. आधी खुर्चीवर बस. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी इथे पाच किलोमीटरची शर्यत आहे आणि मी नाव दिलं आहे.

हृदयाची झडप बदलून अकरा महिने झाले. डॉक्टरीणबाईंनी तपासून परवानगी दिली आहे, हे आधीच सांगते, म्हणजे तू उगाच वहिनीवर ओरडणार नाहीस. वर्षभर सगळे मला काचेच्या भांड्यासारखं उचलून ठेवताहेत. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर भिंगं घासते, पण पाण्याची बाटली भरायला उठले तरी मालक स्वतः धावत येतात. आणि खरं सांगू, जिना चढताना मीही छातीकडे कान लावून असते. मला त्याचाच कंटाळा आलाय. एकदा एवढं अंतर पळाले की माझा माझ्यावर विश्वास बसेल.

तलावाभोवती आमची सात जणांची टोळी रोज सकाळी पळते. शिकवणारे गृहस्थ अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, त्यांना आम्ही बंबवाले म्हणतो. थंडी अशी की गवत पांढरं असतं आणि नाक आपलं की दुसऱ्याचं ते कळत नाही. मला एक जाकीट शिवून दे. वारा अडेल, हात मोकळे राहतील असं. मापं तुझ्या वहीत आहेतच.

वहिनीला नमस्कार. राग आला तरी लोभात काटछाट नको.

तुझी,
ठमी


२ डिसेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून एका गिऱ्हाइकाच्या पँटचा डावा पाय आखूड कापला गेला. त्याने विचारलं तर तुझा पत्ता देणार आहे. शाळेला उशीर होत असला तरी तू कधी पळाली नाहीस, माझ्या सायकलवर बसून जायचीस. आता बावन्नाव्या वर्षी कोण मागे लागलंय?

तुझी वहिनी म्हणाली, तिने परवानगी मागितलेली नाही, जाकीट मागितलंय. तेव्हा शिवलं. बाहेरून जाड कापड, मधे कापूस, आत लोकरीचं अस्तर, आणि छातीवर कापसाचा आणखी एक थर. वाराच काय, दगडही लागायचा नाही. धाप लागली की आहेस तिथे बसायचं. हे बंबवाल्यांनाही वाचून दाखव.

पोचल्याचं कळव. मेहुण्यांना नमस्कार. माझ्या बोलण्याचा राग धरू नकोस, लोभ धर.

तुझा,
दादा


१२ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जाकीट घालून तलावाला एक फेरी मारली. दहा मिनिटांत घामाने आंघोळ झाली. बंबवाल्यांनी ते हातात तोलून पाहिलं आणि म्हणाले, आगीत शिरतानासुद्धा आम्ही एवढं घालत नव्हतो. त्यांचं म्हणणं, सुरुवातीला उभं असताना थोडं कुडकुडायला हवं, नाहीतर कपडे जास्त झाले समजायचं. घाम गार झाला की खरी थंडी बाधते.

दुसरं म्हणजे, त्यात माझ्याबरोबर हेही मावले असते. ऑपरेशननंतर मी अकरा किलो उतरले, दादा. तू विचारायचास आणि मी बरी आहे म्हणायचे, तेव्हा माझीही चूक आहेच. पण येऊन पाहिलं असतंस तर तुला दिसलं असतं. हे लिहून पाच मिनिटं झाली, खोडत नाही. ऑपरेशनच्या दिवशी मला आत नेईपर्यंत मी दाराकडे बघत होते. दुकानात सीझन आहे असं तू कळवलंस. मी बरं म्हटलं, पण मला फार लागलं.

घरात टेप नाही, म्हणून सुतळीने मापं घेतली. चारही तुकड्यांना चिठ्ठ्या बांधल्या आहेत. नवं शिवशील? आणि शर्यतीला ये. मला तू तिथे हवा आहेस.

भांडले म्हणून लोभ उणा होऊ नये.

तुझी,
ठमी


५ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

छातीची सुतळी मी दोनदा मोजली, मग तुझ्या वहिनीला मोजायला लावली. चाळीस वर्षांत अंगाला टेप लावल्याशिवाय मी कापडाला कात्री लावलेली नाही. परक्या माणसाला तीनदा दुकानात बोलावतो. आणि बहिणीचं पाच वर्षांपूर्वीच्या वहीवरून कापलं.

सीझन वगैरे काही नव्हता. मी निघालो होतो. बसमध्ये बॅग ठेवली, जागेवर बसलो, आणि गाडी सुटायच्या आत उतरलो. आईच्या वेळी दवाखान्यात बाहेर मी एकटाच होतो, तू परीक्षेला गेली होतीस. दार उघडून डॉक्टर आले ते मला अजून दिसतात. पुन्हा तसं बसायची हिंमत झाली नाही. घरी गाडी चुकल्याचं सांगितलं. तुझ्या वहिनीला खरं काय ते आज कळलं, ती अजून बोलत नाही.

नवं जाकीट एकेरी कापडाचं आहे, बगलेत जाळी लावली आहे. येईन असं लिहीत नाही. लिहून आलो नाही तर तुला तोंड दाखवता येणार नाही.

असा भित्रा भाऊ असला तरी लोभ असू दे.

तुझा,
दादा


३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

काल सुखरूप घरी पोचलो. शर्यतीला मला बघून तू रडलीस आणि लगेच पळायला गेलीस, त्यामुळे तुझ्यामागे काय झालं ते तुला ठाऊक नाही.

तू झाडांआड गेलीस आणि मी घड्याळ हातात धरलं. तुमच्या टोळीतले सहा जण एकेक करून आले. चाळीस मिनिटं झाली, तुझा पत्ता नाही. मी मेहुण्यांना विचारलं, एवढा वेळ लागतो का? ते हातांवर फुंकर घालत म्हणाले, ऑपरेशनला सहा तास लागले होते, बाहेर मी एकटाच होतो. चहा आणायला उठलो आणि तेवढ्यात कुणी हाक मारली तर, म्हणून पाणीसुद्धा प्यायलो नाही. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

सत्तेचाळिसाव्या मिनिटाला तू आलीस, लालबुंद, पळतच. रेघ ओलांडून गुडघ्यांवर हात टेकून वाकलीस आणि मी पुढे धावलो. मग वर बघून हसलीस. मला ओरडून शाबासकी द्यायची होती, आवाजच फुटला नाही. ती आता देतो. ठमे, शाबास.

मार्चमध्ये तुझी मोठी तपासणी आहे, चार तास लागतात, असं मेहुणे म्हणाले. त्या दिवशी त्यांना कामावर जाऊ दे. बाहेर मी बसणार आहे.

तुझा लोभ मला न मागता मिळत आला. मेहुण्यांचा मागायला हवा, तो समोर येऊन मागेन.

तुझा,
दादा