दोष पंपाचाच

मंगळवार, १ नोव्हेंबर १९३८. चिखली.

आजपासून रोजनिशी. रोज. कोणाला दाखवायची नाही. स्वतःशी खरं बोलायला माणसाला एक जागा लागते आणि कोर्टात वकिलांच्या बाररूममध्ये ती मिळत नाही.

रविवार, २० तारखेला उंद्रीला रंगराव पाटलांच्या मळ्यात आपल्या पक्षाची समिती बसणार. लोकल बोर्डाच्या निवडणुकीसाठी उमेदवार ठरणार. नावं दोनच. एक मी. दुसरे वैजनाथ मास्तर. मास्तर पेन्शनीत निघालेले, सायकलवर फिरतात, बोलताना जमिनीकडे बघतात. म्हणजे खरं नाव एकच.

शिवाय माझ्याकडे मोटार आहे. दिवाळीत जिनिंगच्या एजंटाकडून घेतली. वापरलेली, पण आब आहे. मी फुटबोर्डावर उभा राहून बोलतो आणि इंजिन चालूच ठेवतो. श्रोत्यांच्या अंगात त्याने कंप भरतो.

गुरुवार, ३ नोव्हेंबर.

उंद्रीला सभा. ‘बंधूंनो, आता आपण थांबणार नाही’ या वाक्यावर इंजिन थरथरलं आणि बंद पडलं. लोक हसले. दुसरा कोणी खाली उतरला असता. मी म्हणालो, या गाडीचा पेट्रोलचा पंप, म्हणजे हिचं हृदयच, निकामी झालं आहे. आपल्या बोर्डाचंही तसंच झालं आहे, आणि हृदय बदलल्याशिवाय दोन्ही चालायची नाहीत! टाळ्या. मला पंपच का सुचला, माहीत नाही. स्फूर्ती असते.

नंतर पाऊण तास हँडल मारलं. शेवटी वीस-पंचवीस जणांनी ढकलली. मास्तरच्या सायकलला कधी कोणी हात लावला आहे काय?

रंगराव निघताना म्हणाले, वकीलसाहेब, बोर्ड चालवाचं म्हनता अन् हे एक इंजिन चालून नाही राह्यलं. वीस तारखेले गाडी धड आना, मंग पाहू. हसत म्हणाले, पण बाजूला समितीचे आणखी तिघे होते आणि तेही हसले. तेव्हा गाडी धड करणं आलं.

शुक्रवार, ४ नोव्हेंबर.

जिनिंग फॅक्टरीचा फिटर उकंडराव येऊन गेला. बॉनेटला कान लावून उभा राहिला, मग म्हणाला, पयताना सरळ पयते, उभी केली की थरथरते. मंग पंप काऊन बिघडन? पंप गेला असता त घाटातच बसली असती. हे कुठून तरी हवा ओढून राह्यली. कार्ब्युरेटरच्या बुडाचं पॅकिंग पाहा लागते.

मी त्याला शांतपणे सांगितलं की दोष पंपात आहे हे मी जाहीर सभेत सांगितलेलं आहे. तर म्हणतो, मंग पंपानं आयकलं असन तुमचं भाषन.

त्याला परत पाठवलं. जाहीर सभेत केलेलं विधान मी आजवर मागे घेतलेलं नाही, मामलेदारासमोरही नाही. पंप मी स्वतः काढणार. इंग्लंडच्या पार्लमेंटातली भाषणं मी मुळातून वाचली आहेत; दोन बोल्ट काय ते. नागपूरला मोटारीच्या पुस्तकासाठी पत्र टाकलं.

मंगळवार, ८ नोव्हेंबर.

पुस्तक आलं. पंपाचं प्रकरण दोनदा वाचलं. इंजिनातला एक दांडा पंपाची दांडी हलवतो, दांडी आतला पडदा ओढते, पडदा पेट्रोल ओढतो. पक्षसंघटना अशीच असते. समासात टिपणं केली.

कार्ब्युरेटरचं, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या डब्याचं, प्रकरण रटाळ आहे. त्यात एके ठिकाणी उकंडराव म्हणाला तसंच काहीसं छापलं आहे. लेखकाने व्यासपीठावर पाऊल ठेवलेलं दिसत नाही.

बुधवार, ९ नोव्हेंबर.

सकाळी आठला सुरुवात. साडेआठला पंप हातात, नऊला अंघोळ, असा कार्यक्रम.

नळी सोडवली तेव्हा पेट्रोल कोटाच्या बाहीत गेलं. पुढचा बोल्ट सुटला. मागचा सुटत नाही. तिथे पाना जातो पण फिरत नाही. हात फिरतो पण जात नाही. पंप कुठे बसवावा याचा विचार ज्याने केला, त्याला स्वतःला कधी तो काढावा लागलेला नाही. सत्ताधाऱ्यांचं हेच असतं.

सौ. शकुंतला दारातून म्हणाली, घरभर पेट्रोलचा वास सुटलाय, चूल पेटवू की नको ते सांगा, नाहीतर स्वराज्य येईपर्यंत उपाशी बसू. बसलो. कच्चे पोहे आणि दही.

गुरुवार, १० नोव्हेंबर. दुपारी ३.

पंप निघाला! बोटांची तीन सालपटं गेली. हरकत नाही.

उघडला. पडदा धडधाकट दिसतो. पण वरून धडधाकट दिसणाऱ्या संस्था आतून किती कुजलेल्या असतात यावर माझं एक व्याख्यानच आहे. खात्री करावी म्हणून स्क्रू-ड्रायव्हरने जरा दाबून पाहिला. भोक पडलं.

म्हणजे कमकुवत होताच.

शनिवार, १२ नोव्हेंबर.

नवा पडदा मागवला तर मुंबईहून यायला दोन आठवडे. स्वावलंबन! रेनकोटाची बाही कापली. रबरी कापड आहे, पंपाला आणखी काय लागतं? पॅकिंगसाठी माझ्याच ‘बोर्डाची झोप’ या छापील भाषणाचं जाड मुखपृष्ठ कापलं. हे भाषण प्रथमच कोणाच्या तरी उपयोगी पडतंय, असं शकुंतलेचं म्हणणं. तिला राजकारण कळत नाही.

मंगळवार, १५ नोव्हेंबर.

पंप बसवला. हँडल मारलं. मोजून साठ वेळा. पेट्रोल येत नाही.

पुस्तक पाहिलं. आतली दांडी फिरत्या दांड्याच्या कोणत्या अंगाला टेकवायची याचं चित्र आहे. मी दुसऱ्या अंगाला टेकवली होती. चित्र पान उलटल्यावर आहे. असं पान उलटायला लावणारं पुस्तक मी पाहिलेलं नाही.

पुन्हा तो मागचा बोल्ट.

गुरुवार, १७ नोव्हेंबर.

चालू झाली! देऊळगावच्या रस्त्याला दोन मैल नेली. तिथे बसली. रेनकोटाचं रबर पेट्रोलमध्ये विरघळून खिरीसारखं झालं होतं. बैलगाडीला बांधून परत आणली. बाजाराचा दिवस नसूनही सगळी चिखली रस्त्यावर होती. मास्तर सायकलवरून उतरले आणि काही मदत हवी का, असं विचारू लागले. किती खोटा माणूस!

बसण्याआधी पळतानाही थरथरत होती. म्हणजे दोष पंपाचाच, हे निर्विवाद सिद्ध झालं.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर.

शकुंतलेने मला न विचारता उकंडरावला बोलावलं. त्याने जिनिंगच्या लॉरीच्या पंपाचा पडदा आणून बसवला. अर्ध्या तासात. मागचा बोल्ट कसा सोडवला ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

आता पूर्वीसारखी पळते. उभी केली की पूर्वीसारखीच थरथरून मरते. तो म्हणाला, पॅकिंग बदलून टाकू का, घंटाभराचं काम हाये. मी नाही म्हणालो. पंप सुधारला आहे. त्याचा परिणाम दिसायला वेळ द्यायला हवा. मग म्हणाला, तुमची मर्जी, पन उभी केली की रेसवरचा पाय काढू नका, हातानं रेस धराची दांडी तुटेल आहे हिची.

पाय तर पाय.

रविवार, २० नोव्हेंबर. उंद्री.

वेळेवर पोचलो. गाडी थेट मळ्यात, समितीसमोर. रंगराव म्हणाले, वा!

मग अडचण लक्षात आली. फुटबोर्डावर उभं राहिलं तर पाय रेसवर राहत नाही. पाय रेसवर ठेवला तर उभं राहता येत नाही. बसून बोललो. समितीला फक्त माझी टोपी दिसत होती. आवाज पोचेना म्हणून जोर लावला. मला आवेशात पाय दाबायची सवय आहे, त्यामुळे इंजिननेही जोर लावला. ‘शेतकऱ्याचा घसा कोणी दाबला?’ या वाक्यापर्यंत पुढच्या रांगेतले लोक धुराने खोकू लागले होते. रंगराव हात हलवून ओरडले, वकीलसाहेब, काय म्हनून राह्यले? काईच नाही आयकू येऊन राह्यलं!

पाय काढला. इंजिन मेलं. एकदम शांत झालं.

त्या शांततेत मास्तर उठले. जमिनीकडे बघत चार मिनिटं बोलले. शाळेचं छप्पर, विहिरीचा गाळ, रस्त्याची खडी. एकही उपमा नाही. सगळ्यांनी मान डोलावली.

उमेदवारी मास्तरला. एकमताने. म्हणजे माझंही मत त्यात धरलं.

रंगरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, नाराज नका होऊ. बत्तीस गावं हायेत, मास्तराचं वय पाहाता सायकलनं नाही होत. गाडी तुमचीच लागन, अन् चालवता बी तुमालेच येते. पक्षकार्य. हो म्हणालो.

बुधवार, २३ नोव्हेंबर.

उकंडरावचा निरोप. प्रचाराला जायच्या आधी पॅकिंग बदलून देतो, मास्तरासाठी फुकट.

नाही सांगितलं. पंप म्हणालो होतो; पंप.

रविवार, २७ नोव्हेंबर.

आज सहा गावं. मास्तर फुटबोर्डावर उभे राहून बोलतात. मी आत, रेसवर अर्धा पाय. गरम इंजिन बंद पडलं की हँडलला अर्धा तास जातो, म्हणून बंद पडू द्यायचं नाही असं ठरलं आहे. जास्त दाबला तर मास्तर ऐकू येत नाहीत, कमी दाबला तर मरते. तो मधला बिंदू सांभाळणं सोपं नाही. पोटरीत गोळा आला आहे.

भाषणं सामान्य.

सहाव्या गावात एका बाईने खिडकीतून पाण्याचा तांब्या दिला. म्हणाली, घ्या डायवरभाऊ. मास्तर एवढं बोलून राह्यले, तुमी काईच बोलत नाही वाट्टे.

तिला उत्तर द्यायला माझ्याकडे पाच मुद्दे होते. पण बोलायला लागलो की माझा पाय दाबला जातो, आणि मास्तरांचं अजून छपराचंच चाललं होतं.

पाणी प्यालो. तांब्या परत दिला.