घरचीच पोर

॥ श्री ॥
मांद्रे, पेडणे
३० सप्टेंबर २०२४

चि. सौ. यशोदा हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघी बहिणी बोललो की भांडण ठरलेलं, म्हणून लिहिते.

तुझ्या गौरवीचं ऐकून वाईट वाटलं. बारावी झालेली चुणचुणीत पोर साखळीपासून म्हापशापर्यंत अर्ज करून आली आणि जिथे तिथे एकच प्रश्न, आधी कुठे काम केलंय? अगं, कुणी पहिलं काम दिल्याशिवाय दुसरं मिळायचं कसं? तिला माझ्याकडे पाठव. हंगाम सुरू होतोय, पाहुण्यांच्या खोल्या भरतील. आमचा योगेश बोटीवर नोकरीला, यांचे गुडघे धरलेले. मला घरचं माणूस हवं. सहा महिन्यांत तिला अनुभव येईल, इंग्रजीही सुटेल.

पगाराचं विचारलंस. यशोदे, परक्यासारखं काय बोलतेस? माझ्या पोटची मुलगी असती तर तिला मी पगार दिला असता?

शांतारामरावांना नमस्कार. मायेत खंड नसावा.

तुझी ताई,
शशिकला

॥ श्री ॥
मांद्रे
२० फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी मजेत आहे म्हणते, कारण मावशी शेजारीच असते. पोदेर पाव घेऊन यायच्या आधी उठते. पाहुण्यांच्या नोंदी, परदेशी लोकांच्या पासपोर्टची माहिती पोलिसांच्या साइटवर भरणं, टॅक्सी, नळ, वायफायची रड, सगळं माझ्याकडे. एका रशियन आजीबाईंशी हातवाऱ्यांनी भांडले आणि जिंकलेसुद्धा. आई, मला हे काम येतं. आवडतंही.

मावशी मायाळू आहे, माशाची मोठी तुकडी नेहमी माझ्याच पानात. पण जाताना एका पाहुण्याने मला बक्षीस दिलं, ते तिने परत करायला लावलं. खोल्या झाडायला बेळगावची पूनम आहे. तिला पगार आहे, सोमवारची सुट्टी आहे. मी सुट्टी मागितली तर मावशी हसली, घरातून कसली सुट्टी घेतेस म्हणाली.

आता थोडेच दिवस. मोपा विमानतळाच्या बाजूला नवीन हॉटेल उघडतंय, तिथे रिसेप्शनला मुली हव्यात. एक हंगाम काम केलेलं असावं एवढीच अट. मुलाखत छान झाली. आधीच्या ठिकाणी फोन करून ते खात्री करून घेतात, म्हणून मावशीचा नंबर दिलाय. पूनमनेही तिथेच साफसफाईसाठी अर्ज केलाय. मावशीला एवढ्यात सांगत नाही, रुसेल. आई, ही नोकरी मला हवीच आहे.

बाबांना नमस्कार. तुझी आठवण येते, माझी काढत जा.

तुझी,
गौरवी

॥ श्री ॥
मांद्रे
१८ एप्रिल २०२५

चि. सौ. यशोदा हिस,
अनेक आशीर्वाद.

गौरवी सुखरूप पोचली ना? ती गेल्यापासून घर खायला उठलंय. सोलं आणि सुका बांगडा दिलाय, पिशवीत विसरू नका.

आज माझं डोकंच फिरलं. मोपाकडच्या कुठल्याशा हॉटेलातून एकाचा फोन. गौरवी तुमच्याकडे कामाला होती का, असं मलाच विचारतो! मी त्याला सुनावलं की ती माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी, मावशीकडे राहायला आली होती, आमच्या मुली कुणाकडे कामाला राहत नाहीत. तरी त्याचं चालूच, रिसेप्शन तीच बघायची ना म्हणून. मी सांगून टाकलं, तिने इथे इकडची काडी तिकडे केलेली नाही. उद्या गावभर झालं असतं, शशिकलेने भाचीलाच मोलकरीण केली, तर आपण तोंड कुठे दाखवायचं?

मग त्याने पूनमचं विचारलं. तिचं मात्र खरं तेच सांगितलं. दोन वर्षं कामाला आहे, हाताची स्वच्छ, कामाची चोख. उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला द्या?

पोरीची अब्रू राखली, बरं वाटलं. ऑक्टोबरात तिला पुन्हा पाठव. बहिणीला विसरू नये.

तुझी ताई,
शशिकला

॥ श्री ॥
सर्वण, डिचोली
६ मे २०२५

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईने वाचलं, माझ्या हातात दिलं आणि गोठ्याकडे गेली. मोठ्या बहिणीला ती उलट लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

त्या हॉटेलने मला घेतलं नाही. मी अर्जात खोटं लिहिलं असं ते म्हणतात. जिथे काम केलं म्हणून सांगितलं, तिथल्या मालकीणबाईच नाही म्हणाल्या. तुला न विचारता नंबर दिला, ही माझी चूक. पण मावशी, इकडची काडी तिकडे केली नाही? मग हंगामभर तुझ्याकडे राबलं कोण? तू वाईट नाहीस, म्हणून तर जास्त राग येतो. वाईट असतीस तर भांडून मोकळी झाले असते.

परवा साखळीला एका दुकानात विचारायला गेले. पुन्हा तोच प्रश्न. मी म्हटलं, कुठेच नाही.

पूनम मात्र तिथे लागली. तिचा फोन आला होता, ताई, तुमचं काय झालं म्हणून बिचारी भीतभीत विचारत होती. मला तिचा हेवा वाटला. मला असं कुणाबद्दल वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं.

ऑक्टोबरात मी येईन. पूनमची जागा रिकामी असेलच, त्या जागी मला ठेव. खोल्या झाडीन, चादरी धुईन, मागच्या पडवीत जेवीन. लोकांसमोर तुला बाई म्हणेन. आणि पुन्हा कुणाचा फोन आला, तर एवढंच सांग, की गौरवी आमच्याकडे कामाला होती.

काकांना नमस्कार. तुझा लोभ आहेच; यापुढे तो जरा कमी असावा, ही विनंती.

गौरवी