शेवटची पाळी

२० एप्रिल, सकाळी ११
बाप होणार. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसून लिहितोय, ही आत आहे. फॉर्म मीच भरला, हिचं अक्षर म्हणजे मुंगीचे पाय. एक रकाना होता, 'शेवटच्या पाळीची तारीख'. ३१ जानेवारी लिहिलं. त्या दिवशी माझी शेवटची दुसरी पाळी, एक तारखेपासून जनरलला आलो. कारखान्यात सहाशे माणसांच्या पाळ्या लावतो मी, असले रकाने डोळे मिटून भरतो. नवऱ्याची ड्यूटीसुद्धा विचारतात, याचं कौतुक वाटलं.

दुपारी १
ही कपडे बदलत असताना डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, तारखेप्रमाणे अकरा आठवडे हवेत, बाळ सातच आठवड्यांचं दिसतंय. हिला विचारून तारीख पुन्हा बघा म्हणाल्या. हिला काय विचारायचं? तारखा मला पाठ.

संध्याकाळी
सात आठवडे मागे गेलो. २ मार्च. तीनदा मोजलं. २५ फेब्रुवारी ते १२ मार्च मी ट्रेनिंगला, परगावी.
ठराव: शांत राहायचं. कुणाला काही विचारायचं नाही.

२१ एप्रिल, सकाळी ७
विचारलं. मी नसताना घरी कोण आलं होतं? ही म्हणाली, फ्रिजवाला, दोनदा. आणि हसली. का हसली?

२३ एप्रिल
अन्न गोड लागत नाही. ही म्हणाली, बाळाला नाव सुचव. मला हे बाळ हवंय. पण माझं हवंय.

२५ एप्रिल
फ्रिजचा प्लग स्वतःच काढला आणि फ्रिजवाल्याला बोलावलं. सत्तरीचे आजोबा, गुडघ्याला पट्टा. खाली बसले, तर मलाच त्यांना उठवावं लागलं. प्लग लावून दिला आणि जाताना म्हणाले, सूनबाईंना जपा. दूध नासलं. तरी माणसाच्या वयावर जाऊ नये.

२९ एप्रिल, सकाळी
आज तपासणी. ठराव: पुराव्यानिशी बोलायचं, पण सभ्यपणे. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट खिशात.

दुपारी
सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. म्हणालो, २ मार्चला मी इथे नव्हतो. बाईंनी फॉर्म काढून हिला विचारलं, ही ३१ जानेवारी कुठली? मी सांगितलं, माझी दुसरी पाळी. नर्स तोंडाला पदर लावून बाहेर गेली.
मग बाईंनी समजावलं. पाळी बायकोची विचारतात. आठवडे तिथूनच मोजतात, गर्भ राहतो तो त्यानंतर दोनेक आठवड्यांनी. हिची खरी तारीख २ मार्च. म्हणजे गर्भ राहिला मार्चच्या मध्याला, आणि तेव्हा मी घरीच होतो. जीव भांड्यात पडला. मी मोठ्याने हसलो. एकटाच.
जिन्यात हिने विचारलं, दहा दिवस हे मनात ठेवून माझ्यासमोर बसून जेवत होतास?
मी म्हणालो, नऊ.

३० एप्रिल
बरंच निवळलंय. ही बोलते, कामापुरतं. पुढच्या तपासणीला हिची ताई सोबत जाणार आहे. बरंच झालं, मला रजा मिळणं कठीणच होतं. कधी आहे म्हणून तारीख विचारली.
सांगितली नाही.