जाळ्याची साल

४ डिसें. ६६, रवि.
ताई अजून इथंच, शिरगावला. भाऊजींना बोईसरच्या बांधकामावर नोकरी लागली, क्वार्टरही मिळालं, पण ती जायचं नाव काढत नाही. आज न्हाणीत बोलावून म्हणाली, "मंदा, तू शिकलीस. हे परत वर येतात का गं?" मला कळेना काय. मग तिनं पदर सारला. तीन बाळंतपणं, तिसरं अजून अंगावर पितंय.

भाऊजी म्हणाले म्हणे, आमच्या सायबांच्या बायका बघ, पोरं होऊनही कशा. हसतच म्हणाले. ताईला सांगताना हसू आलं नाही. क्रीमची डबीही त्यांनीच आणलेली. ताईनं ती बोटानं निपटून संपवली. वरचं इंग्रजी मला वाचायला लावलं. महिन्यात उठाव येतो, असं छापलंय.

"मग मना का नाय आला?"

बी.ए.ला यातलं काही नव्हतं. "अशी नाय जायची मी," म्हणाली.

६, मंगळ.
शाळा सुटल्यावर पालघरच्या बाजारात तिच्यासाठी आतून घालायची बॉडी घ्यायला गेले. दुकानदारानं चारचौघांत माप विचारलं. आठवीच्या वर्गाला धीटपणावर भाषण देणारी मी, रुमाल घेऊन परत आले. माप घेऊन पुन्हा जायचं. ताई म्हणते, "आनलीस तरी काय, रातीला काडलीच ना?"

९, शुक्र.
सातपाटीची हिराबाई मासळी द्यायला येते, तिचा हा उद्योग. जाळी विरू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या पाण्यात उकळतात, तेच वाटीभर आणून दिलं. ताई परवापासून लावतेय. गळ्याखाली सगळी तांबडीलाल.

हिराबाईला विचारलं, तर: "जालं ढिलं परलं का सालीत घालतो, ताठ होतं. अंगाचं कातरं काय वेगलं हाय?"

म्हटलं, तुम्ही लावून पाहिलंत?

"माजं कोन बगतंय? मना टोपलीला डोकं ताठ लागतं, तवरं हाय."

आई तोंडाला पदर लावून हसत होती. ताई नाही.

१०, शनि.
बाळ तोंड लावतं, वाकडं करतं, सोडून रडतं. साल कडू. ताई सकाळी खूश होती, कातडी आवळल्यासारखी वाटते म्हणून. दुपारी डावी बाजू दगडासारखी, अंगात ताप. तरी धुवू देईना. "धुतलं का सगलं गेलं." शेवटी आईनं बाळाला तिच्या मांडीवर ठेवलं आणि काही न बोलता बाहेर गेली. मग ताईनंच पाणी मागितलं. डाग निघत नाही.

११, रवि.
पालघरच्या डॉक्टरीणबाईंकडे. रंग पाहून विचारलं, मी सांगितलं. मग गोळ्या, कोमट पाण्याचा शेक, आणि बाळाला पाजत राहायचं, थांबायचं नाही.

ताईनं चिमटा काढला, म्हणून मीच पुढचं विचारलं. त्या म्हणाल्या, क्रीमनं, तेलानं कातडी मऊ होते, वर काही येत नाही. गरोदरपणात ताणलं ते ताणलं, पाजण्याचा त्यात दोष नाही. हातांच्या व्यायामानं खालचा स्नायू बळकट होतो, पाठ सरळ राहिली की बरं दिसतं. नीट मापाची बॉडी आधार देते, पण अंगात असेपर्यंतच. "पहिल्यासारखं होणार नाही. माझंही झालं नाही."



१५, गुरु.
ताप गेला. बाळ पितंय. बॉडी आणली, या वेळी माप मोठ्यानं सांगितलं. ताईनं घालून आरशात पाहिलं. काढून पाहिलं. परत घातली. तळवे एकमेकांवर दाबायचा व्यायाम करताना आई आत आली, तिला वाटलं नमस्कार चाललाय.

१८, रवि.
भाऊजी न्यायला आले. मी बोलायचं ठरवलं होतं, मुद्देही काढले होते: स्त्रीचा मान वगैरे. ताईनं मला चुलीकडे पिटाळलं. तिथून ताईचं बोलणं ऐकू आलं,

"डाग जाईल, बाकीचं आता असंच ऱ्हानार. डॉक्टरीनबाय बोलली. बॉडी मना वाटंल तवा घालीन. सायबांच्या बायका परत बोलन्यात निघाल्या, तर पोरं घेऊन चालत शिरगावला येईन. आता सांगा, येऊ का?"

मग भाऊजी: "एस.टी. चुकंल."

"चुकूंदे."

चहा नेऊन दिला. भाऊजींनी बशीत ओतला, तसाच ठेवलाय. बाळ पितंय. ट्रंक दाराशी आहे. मी आत बसून हे लिहितेय, ताई ओसरीवर उत्तराची वाट बघत बसलीय.