मडक्यातला वारा

प्रिय चिऊ,

आमच्या बँडने आपली अंगाई वाजवायला घेतली आहे. हसू नकोस. पहिल्याच तालमीला ढोलवाल्याने विचारलं, मास्तर, हे ऐकून तुम्ही पोरं झोपायचात की घाबरून गप्प पडायचात? मी म्हटलं, तू असाच बडवत राहिलास तर दुसरं होईल. तेव्हापासून तो ढोलावर चादर टाकून, तोंड फुगवून वाजवतो.

झालं असं की यंदा उसन्या चाली पुरे, आपल्या घरच्या गाण्यांतून काहीतरी उभं करू, असं ठरलं. ट्रॉम्बोनवाल्याने आजीचं म्हणून जे आणलं ती साबणाची जाहिरात निघाली. क्लॅरिनेटवाल्या बाईंनी विहिरीतल्या भुताची गोष्ट आणली, पण त्यात गाणंच नव्हतं. भूत मुकं होतं. उरली माझी अंगाई. मुलीची होडी निघू नये म्हणून सगळा वारा मडक्यात कोंडून त्यावर झाकण ठेवून बसलेली म्हातारी. फुंकायच्या वाद्यांना आणखी काय हवं?

बसवलंयही झकास. म्हातारी एकेक झुळूक पकडते, तसतसं एकेक वाद्य गप्प होतं. मधे एक लांबलचक शांतता आहे, कारण आई तिथे नेहमी थांबायची. हे त्या म्हातारीचं दुःख, असं मी सगळ्यांना समजावलं. बाईंचे तर डोळे भरून आले. घरी आईला सांगितलं तर म्हणाली, दुःख कसलं डोंबलाचं, तू झोपलास का ते बघायचे. शांतता तशीच ठेवली आहे. आता बाईंना कुठल्या तोंडाने सांगू?

तिसऱ्या कडव्याला एकटी बासरी उरते. मडकं बंद, होडी काठाला. पुढे काय होतं ते मला ठाऊक नाही, कारण तिसऱ्या कडव्याला मी हमखास घोरायला लागायचो. तू मात्र डोळे मिटून जागी असायचीस, सोंगाडी कुठली. ढोलवाला म्हणतो मडकं फुटतं, आणि अर्थातच ढोलाने फुटतं. ट्रॉम्बोनवाला म्हणतो मुलीने सरळ पोहत जावं. कार्यक्रम तोंडावर आलाय आणि आमचं गाणं काठालाच अडकलंय.

आईला विचारलं तर विसरले म्हणाली. शेजाऱ्यांनी कधीकाळी नेलेली शिडी कुठल्या रंगाची होती हे जिला आठवतं, ती हे विसरली.

रविवारी ती तालमीला आली आणि पुढच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली. बासरी थांबली, सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि आई पर्सच्या चेनशी चाळा करत म्हणाली, पुढचं चिऊला येतं, तिला विचार. चिऊ, तू परगावच्या नोकरीला निघालीस आणि ती दारात आडवी बसली, त्या दिवसापासून तिने तुझं नाव घेतलं नव्हतं. माझ्या हातातली काठी खाली पडली. ढोलवाल्याला वाटलं इशारा झाला, आणि त्याने चादरीसकट दणका दिला. आई दचकली नाही. घरी येईपर्यंत तिने दोनदा विचारलं, पत्र कधी टाकतोस.

म्हणून हे पत्र. शेवट लिहून पाठवू नकोस, मला कागदावरून चाल कळायची नाही. तू ये. झाकण तिने काढलंय.

तिसऱ्या कडव्याला झोपणारा,
तुझाच दादा